सर्वानुमते मंजूर

गेल्या शनिवारी सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर तो नकाशा पुन्हा आला. पुन्हा म्हणायचं कारण, दर दोन-तीन वर्षांनी तो कुठून तरी उगवतोच. जगाचा नकाशा, काही देश निळे, काही लाल, आणि आपला भारत चांगलाच लालबुंद. वर मथळा: जगातले सर्वांत असहिष्णू देश! मग जे व्हायचं तेच झालं. म्युनिकचा मित्र म्हणाला, "बघा, मी सांगत होतो ना." नागपूरच्या मित्राने लिहिलं, "गोऱ्यांनी काढलेल्या नकाशात आपण दुसरं काय दिसणार?" दुपारच्या जेवणापर्यंत शंभरेक मेसेज झाले आणि शेवटी कोणीतरी माझं नाव घेतलं. "अरे, तू डेटावाला ना? सांग की खरं काय ते."

डेटावाला म्हणजे काय, तर मी जुन्या सिस्टिममधला डेटा उचलून नव्या सिस्टिममध्ये बसवायचं काम करतो. पोटापाण्यासाठी. वीसेक वर्षांत या कामाने मला एकच गोष्ट नीट शिकवली आहे. दोन टेबलांत कॉलमचं नाव सारखं आहे म्हणून आतला माल सारखा असेलच असं नाही. एका सिस्टिममध्ये 'स्टेटस १' म्हणजे खातं चालू, दुसरीत 'स्टेटस १' म्हणजे खातं बंद. हे ज्याला रात्री अडीच वाजता कळलंय त्याला विचारा :-)

तर त्या नकाशाची गोष्ट. तो मे २०१३ मध्ये वॉशिंग्टन पोस्टच्या मॅक्स फिशर या पत्रकाराने लिहिलेल्या लेखातला. आधार होता वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हेचा. हा सर्व्हे १९८१ पासून चालू आहे, डझनावारी देशांत घरोघरी जाऊन साधारण तेच प्रश्न विचारतात, आणि सगळा डेटा कोणालाही फुकट उतरवून घेता येतो. त्यातला एक प्रश्न असा: ही काही लोकांची यादी आहे, यातले कोण शेजारी म्हणून तुम्हाला नको आहेत? त्या यादीत 'वेगळ्या वंशाचे लोक' अशी एक ओळ. भारतात ४३.५ टक्के लोकांनी ती ओळ निवडली होती, म्हणून आपण लाल. पण सगळ्यात लाल दोन जागा वेगळ्याच होत्या. बांगलादेश ७१.७ टक्के आणि हाँगकाँग ७१.८ टक्के.

नंतर काय निघालं? त्या दोन्ही ठिकाणचे आकडे उलटे भरले गेले होते. 'नको' म्हणणारे आणि 'नको' न म्हणणारे यांची अदलाबदल! बांगलादेशचा खरा आकडा २८.३ टक्के आणि हाँगकाँगचा २६.८. म्हणजे नकाशावरचे सगळ्यात असहिष्णू दोन प्रदेश प्रत्यक्षात भारतापेक्षा बरेच खाली. हे वाचून मी खुर्चीत मागे टेकलो. स्टेटस १! अगदी तेच! फरक इतकाच की आमच्याकडे खातं बंद दिसलं तर गिऱ्हाईक फोन करून शिव्या घालतं. देश लाल दिसला तर फोन कोण करणार? बहुतेकांना तो आकडा पटलाच. पटणारा आकडा कोणी तपासत नाही.

ग्रुपवर इतकं लिहून थांबता आलं असतं. पण मला त्या यादीतल्या दुसऱ्याच एका ओळीत जास्त रस होता. 'इमिग्रंट किंवा परदेशी कामगार'. कोणत्या देशातल्या लोकांना बाहेरून आलेल्यांबद्दल काय वाटतं, याच्या बऱ्याच तुलना या ओळीवर बेतलेल्या असतात. आणि २००२ ते २००६ अशी चार वर्षं न्यू जर्सीत मी स्वतः ती ओळ होतो. एडिसनला एका टू-बेडरूम अपार्टमेंटमध्ये चौघं बॅचलर, एक कुकर, आणि फोडणी टाकली की वाजणारा स्मोक अलार्म. करभरणीच्या फॉर्मवर तर मी चक्क 'एलियन' होतो.

प्रश्न कसा चालतो ते बघावं म्हणून आईवर प्रयोग केला. ती ओट्याशी मटार सोलत होती.

"आई, शेजारी म्हणून तुला कोण चालणार नाही ते सांग. दारुडे?"

"नकोत."

"लग्न न करता एकत्र राहणारे?"

"राहीनात का. तसेही दार बंदच असतं सगळ्यांचं."

"परदेशी कामगार?"

"म्हणजे कोण रे? तू होतास तसा?"

"हो, तसाच."

"मग चालतील. फक्त वरच्या मजल्यावर नकोत. रात्री-अपरात्री खुर्च्या सरकवतात."

आता हे सर्व्हेच्या फॉर्मवर कसं भरणार? तिथे दोनच चौकोन असतात. 'उल्लेख केला' आणि 'उल्लेख केला नाही'. खुर्च्यांसाठी चौकोन नाही. आणि मुख्य म्हणजे जो गप्प बसला, ज्याला यादी नीट ऐकू आली नाही, ज्याला 'परदेशी कामगार' म्हणजे कोण हेच कळलं नाही, त्या सगळ्यांची नोंद बहुधा 'उल्लेख केला नाही' या चौकोनात जाणार. म्हणजेच सहिष्णू.

शिवाय 'शेजारी' हा शब्द सगळीकडे एकच असतो का? एडिसनमधला माझा शेजारी म्हणजे पार्किंगमध्ये हात हलवणारा एक मनुष्य. चार वर्षांत त्याचं आडनाव कळलं नाही. पुण्यात शेजारी म्हणजे ज्याच्याकडे घराची किल्ली असते. न्यू जर्सीत 'चालेल' म्हणायला काही खर्च नाही. इथे 'चालेल' म्हटलं तर उद्या तो बेल वाजवणार आहे. आणि पुण्यात हा प्रश्न निव्वळ कल्पनेतला राहत नाही. आमच्या सोसायटीत तो गेल्या महिन्यात खरोखरच विचारला गेला.

रविवारी अकरा वाजता पार्किंगमध्ये सर्वसाधारण सभा. चौऱ्याऐंशी फ्लॅट, आलेली माणसं तीसेक. पाण्याच्या टँकरवर पाऊण तास, लिफ्टच्या एएमसीवर अर्धा तास, आणि मग ऐन वेळचे विषय. ३०२ मध्ये तीन मुलं भाड्याने राहतात. एक रांचीचा, दोघं कटकचे, तिघंही आयटीत. एकदा रात्री गाणी मोठ्याने लावली होती, तेवढीच काय ती तक्रार. तर कोणीतरी ठराव मांडला की यापुढे परप्रांतीय बॅचलर भाडेकरूंना सोसायटीत जागा देऊ नये, आणि असलेल्यांचे करार वाढवू नयेत. चेअरमनकाकांनी विचारलं, "कोणाची काही हरकत? नाही ना?" दोन सेकंद थांबले. "मग सर्वानुमते मंजूर." त्यानंतर चहा आणि वेफर्स.

माझी हरकत होती. मी फोनमध्ये बघत होतो.

हे इथेच ठेवतो, परत येणारच आहे. पण शनिवारी दुपारी आईच्या उत्तराचं काय करावं असा विचार करताना हे आठवलं आणि जरा चरकलो. सर्व्हेमध्ये गप्प बसणारा सहिष्णू मोजला जातो आणि आमच्या सभेत गप्प बसणारा 'परप्रांतीय नकोत'च्या बाजूने. माणूस तोच, गप्प बसणंही तेच. नोंदवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

गॅलपवाल्यांनी २०१६ मध्ये शंभराहून जास्त देशांत एक निर्देशांक काढला. तीनच प्रश्न: स्थलांतरित आपल्या देशात राहणं, आपले शेजारी होणं, आपल्या जवळच्या नात्यातल्या कोणाशी त्यांचं लग्न होणं, हे चांगलं की वाईट? चांगलं म्हटलं तर ३ गुण, वाईट म्हटलं तर ०. आणि कोणी आपणहून "ते अवलंबून आहे" म्हणालं किंवा "माहीत नाही" म्हणालं तर १ गुण. एकूण ९ पैकी. बघा, इथे गप्प बसणाऱ्याला तिसरीच किंमत. ते चूक आहे असं नाही, काहीतरी आकडा द्यावाच लागतो. पण ज्या देशात अनोळखी माणसाला मत सांगायची रीत नाही, किंवा सांगायची भीती वाटते, त्या देशाचे गुण या १ मुळे बदलतात. तिथल्या लोकांच्या मनाचा त्यात फारसा संबंध नाही.

आता शब्दाकडे येऊ. इमिग्रंटला मराठीत काय म्हणणार? स्थलांतरित म्हणा. पण आपल्या २०११ च्या जनगणनेत शेवटच्या वास्तव्याच्या जागेवरून मोजलेले स्थलांतरित आहेत सुमारे ४५ कोटी! त्यातला मोठा भाग म्हणजे लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बायका. त्या अर्थाने आईसुद्धा स्थलांतरित, साताऱ्याहून पुण्याला आलेली. 'निर्वासित' म्हटलं की डोळ्यांसमोर फाळणी. 'परप्रांतीय' म्हटलं की मुंबईतलं राजकारण. 'उपरा' म्हटलं की शिवीच दिल्यासारखं. आणि मी? मी 'ऑनसाइट' होतो. माझ्यासाठी वेगळा, चांगला इस्त्री केलेला शब्द! चार शब्दांनी चार प्रश्न विचारा, एकाच माणसाकडून चार उत्तरं मिळतील.

हे फक्त आपलंच दुखणं नाही. ऑक्सफर्डच्या स्कॉट ब्लाइंडरने २०१५ मध्ये ब्रिटनबद्दल एक निबंध प्रसिद्ध केला. इमिग्रंट म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर कोण येतं, असं त्याने बघितलं. लोकांच्या मनात आश्रय मागणारे मोठ्या संख्येने होते, विद्यार्थी फार कमी. सरकारी आकडेवारीत त्या वेळी येणाऱ्यांमध्ये विद्यार्थ्यांचाच गट मोठा होता. म्हणजे लोक मत देत होते ते मनातल्या इमिग्रंटबद्दल, आणि सरकार धोरण आखत होतं ते आकडेवारीतल्या इमिग्रंटबद्दल. एकाच देशात, एकाच भाषेत ही अवस्था. मग एस्टोनियात, जिथे हा शब्द ऐकून कोणाला सोव्हिएत काळात येऊन राहिलेले रशियन भाषक आठवतील, आणि इस्रायलमध्ये, जिथे परत येणाऱ्या ज्यूंसाठी कायदाच वेगळा आहे, तिथे त्याच शब्दाने विचारलेल्या प्रश्नाची उत्तरं शेजारी-शेजारी कशी ठेवायची?

हे त्या क्षेत्रातल्या लोकांना कळत नाही असं समजू नका. मलाही आधी तसंच वाटलं होतं (आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना बाकी सगळे विषय एका वीकेंडचे वाटतात). युरोपियन सोशल सर्व्हे नावाचं एक प्रकरण आहे, २००२ पासून चालू, दर दोन वर्षांनी. त्यांनी 'इमिग्रंट हवेत का नकोत' असं सरसकट न विचारता तीन वेगळे प्रश्न केले. तुमच्या देशातल्या बहुसंख्यांच्याच वंशाचे लोक किती येऊ द्यावेत, वेगळ्या वंशाचे किती, आणि युरोपबाहेरच्या गरीब देशांतले किती. उत्तरं चार: पुष्कळ, काही, थोडे, कोणीच नाही. वर आणखी तीन प्रश्न ० ते १० च्या पट्टीवर: त्यांच्या येण्याने अर्थव्यवस्थेचं भलं होतं का वाईट, संस्कृती समृद्ध होते का पोखरली जाते, देश राहायला जास्त चांगला होतो का जास्त वाईट.

भाषांतराची त्यांची पद्धत वाचून तर मी खूश झालो. दोन जणांनी एकमेकांना न विचारता भाषांतर करायचं, मग बसून दोन्ही ताडून बघायची, मग एकाने निर्णय द्यायचा, मग थोड्या लोकांवर करून बघायचं, आणि प्रत्येक निर्णय लिहून ठेवायचा. आमच्याकडे कोड रिव्ह्यू इतका नीट झाला तर शनिवार मोकळे मिळतील.

तरीही एक गाठ सुटत नाही. 'थोडे' म्हणजे किती? ० ते १० मध्ये ७ म्हणजे काय? काही ठिकाणी लोक टोकाचे आकडे द्यायला कचरतात, काही ठिकाणी बेधडक ० नाही तर १०. दोन शहरांत थर्मामीटर लावलेत, एक सेल्सियसमध्ये, एक फॅरनहाइटमध्ये, आणि कोणत्यात काय ते लिहिलेलंच नाही, असं समजा. एका शहरात ३५ आणि दुसऱ्यात ९५ आला. दुसरं जास्त गरम का? नाही, दोन्ही सारखीच. मात्र एकाच थर्मामीटरवर काल ३५ आणि आज ३८ असेल तर आज जास्त गरम, एवढं नक्की म्हणता येतं.

हे तपासायचं गणित आहे, आणि ते पायऱ्यापायऱ्यांनी जातं. पहिली पायरी: सगळ्या देशांत हे प्रश्न एकाच कल्पनेभोवती जमतात का? दुसरी: मनातली भावना एक पायरी वाढली तर उत्तर सगळीकडे तितकंच सरकतं का? तिसरी आणि सर्वांत अवघड: सारखीच भावना असलेले दोन देशांतले लोक पट्टीवर सारख्याच ठिकाणी बोट ठेवतात का? दोन देशांची सरासरी काढून 'हा पुढे, तो मागे' म्हणायचं तर ही तिसरी पायरी चढावी लागते. मॉयलमन, डेव्हिडॉव्ह, बिलिएट या मंडळींनी युरोपियन सर्व्हेच्या या प्रश्नांवर हे काम केलेलं आहे. तिसरी पायरी पूर्ण चढणं दुर्मीळ, अर्धवट चढता येते, आणि तेवढ्यावर सावधपणे तुलना करता येते. ग्रुपवर फिरणाऱ्या नकाशात यातली एकही पायरी दिसत नाही, नुसता रंग दिसतो.

पट्टी जुळवायची आणखी एक युक्ती मला फार आवडली. गॅरी किंग आणि त्याच्या सहकाऱ्यांचा २००४ चा निबंध आहे, त्याचा विषय इमिग्रेशन नाही, पण दुखणं तेच. सरकारच्या कारभारात तुमचं किती चालतं, असा प्रश्न चीनमध्ये आणि मेक्सिकोत विचारला. उत्तरांप्रमाणे चिनी लोकांचं मेक्सिकोवाल्यांपेक्षा जास्त चालतं! मेक्सिकोत नुकतंच मतपेटीतून सत्तांतर झालेलं, आणि तरी असं. मग त्यांनी दोन्हीकडे लोकांना काही काल्पनिक माणसांच्या छोट्या गोष्टी सांगितल्या. अमक्या गावात पिण्याचं पाणी नाही, लोकांनी असं असं केलं, आता सांगा या माणसाचं किती चालतं? गोष्ट सगळीकडे तीच, म्हणजे उत्तरात जो फरक पडेल तो पट्टीचा. तो फरक वजा केल्यावर क्रम उलटा झाला. पुन्हा एकदा उलटा!

आणि जे लोक पट्टी जाणूनबुजून वाकवतात त्यांचं काय? म्हणजे आपल्यासारखे, शिकलेसवरलेले. त्यासाठीही एक उपाय आहे. लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. पहिल्या गटाला तीन विधानं द्यायची आणि विचारायचं, यातली किती तुम्हाला पटतात? कोणती ते सांगू नका, फक्त संख्या सांगा. दुसऱ्या गटाला तीच तीन आणि चौथं नाजूक विधान. समजा पहिल्या गटाची सरासरी १.५ आली आणि दुसऱ्याची २.१, तर चौथं विधान ६० टक्के लोकांना पटतंय. कोणाला, ते मुलाखत घेणाऱ्यालाही कळत नाही. अलेक्झांडर जेनस या अभ्यासकाने अमेरिकेत इमिग्रेशनवर हे करून २०१० मध्ये छापलं. सरळ विचारल्यावर दिसत होता त्याहून विरोध बराच जास्त निघाला, आणि कॉलेज शिकलेल्यांत ही लपवाछपवी विशेष. म्हणजे ज्या देशात शिकलेले जास्त तो देश मनाने जास्त मोकळा, की नुसता बोलायला जास्त सावध? साध्या प्रश्नाने हे कळायचं नाही.

ही लपवाछपवी मीही केली आहे. २००४ ची गोष्ट. एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये संध्याकाळी लँडलाइन वाजला. बाई फार गोड बोलत होत्या, एका सर्व्हेसाठी पाच मिनिटं द्याल का म्हणाल्या. त्यातला एक प्रश्न: या देशात येणाऱ्यांचं प्रमाण आहे तेवढंच ठेवावं, वाढवावं, की कमी करावं? मी म्हणालो, "आहे तेवढंच." शहाण्यासारखं, मधलं, कोणाला न दुखावणारं उत्तर. फोन ठेवल्यावर रूममेट हसायला लागला. कारण 'आहे तेवढं' म्हणजे किती? काही महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर २००३ पासून, एच-वन-बीचा वार्षिक कोटा १,९५,००० वरून ६५,००० वर आला होता. आमचा एक मित्र पुण्यात कागदपत्रं घेऊन बसला होता. आणि मी आत आलेला माणूस म्हणत होतो, दार आत्ता उघडं आहे तेवढंच राहू दे. माझं काम झालं होतं ना!

'वाढवा की कमी करा' या प्रश्नाची गोम नेमकी इथे आहे. उत्तर कुठून मोजायचं, तो शून्य प्रत्येक देशाचा वेगळा. प्यू रिसर्चने २०१८ मध्ये २७ देशांत हा प्रश्न विचारला. ग्रीसमध्ये ८२ टक्के म्हणाले कमी करा किंवा बंद करा. हंगेरीत ७२, इटलीत ७१, जर्मनीत ५८. जपानमध्ये फक्त १३! मग जपान ग्रीसपेक्षा इतका पाहुणचारी का? ग्रीसच्या बेटांवर २०१५ मध्ये लाखो लोक होड्यांतून उतरले होते. जपानमध्ये परदेशी लोक मुळातच फार कमी, आणि म्हातारा होत चाललेला देश कामाला माणसं शोधत होता. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी परदेशी कामगारांसाठी नवा कायदा मंजूर केला. ग्रीसचा माणूस भरलेल्या ताटावरून 'पुरे' म्हणत होता, जपानचा रिकाम्या वाटीवरून 'असू दे'. दोघांची भूक याच्यावरून कशी ताडणार?

एकाच देशातही हा शून्य हलतो. गॅलप अमेरिकेत १९६५ पासून हाच प्रश्न विचारत आलं आहे. २०२४ मध्ये 'कमी करा' म्हणणारे ५५ टक्के होते, २००१ नंतरचा सर्वांत मोठा आकडा. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, ३० टक्के. एका वर्षात पंचवीस टक्के लोकांचं मन मोठं झालं का? तसंही थोडं असेल. पण मधल्या काळात सरकार बदललं, सीमेवरून येणारे एकदम कमी झाले, धरपकड सुरू झाली. 'आहे त्यापेक्षा कमी' मधला 'आहे ते'च खाली गेला. खोली गार झाली की माणूस एसी कमी करा म्हणत नाही. मात्र हा आकडा मला नकाशापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो. प्रश्न तोच, भाषा तीच, देश तोच. थर्मामीटर एकच आहे, म्हणून काल-आजची तुलना तरी करता येते.

सगळं वाचून झाल्यावर मला सर्वांत बोलका वाटला तो २०१५ मध्ये छापलेला हेनम्युलर आणि हॉपकिन्स यांचा अमेरिकेतला प्रयोग. त्यांनी 'इमिग्रंट' हा शब्दच मोडून त्याची माणसं केली. समोर दोन अर्ज ठेवायचे. हा अमुक देशाचा, इतका शिकलेला, अमुक काम केलेला, इंग्रजी अशी अशी, नोकरी ठरली आहे किंवा नाही. दोघांपैकी कोणाला येऊ द्याल? तपशील उलटसुलट करून हजारो जोड्या दाखवल्या. एरवी या विषयावर भांडणारे लोक, डावे-उजवे, शिकलेले-न शिकलेले, साधारण सारख्याच माणसांना निवडत होते. शिकलेला, भाषा येणारा, काम ठरलेला. शब्दावर भांडण, माणसावर बऱ्यापैकी एकमत.

इथे मात्र मला ३०२ मधली मुलं आठवली. तिघंही इंजिनियर, तिघांनाही नोकरी, भाडं वेळेवर. रांचीवाला लिफ्टमध्ये आईची भाजीची पिशवी धरतो आणि 'काकू' म्हणतो. सभेत कोणी दोन अर्ज समोर ठेवून विचारलं असतं तर या मुलांना तीसपैकी किती जणांनी नको म्हटलं असतं? पण ठरावात ती मुलं नव्हतीच. ठरावात 'परप्रांतीय बॅचलर' होता, तो कोणालाच नको होता. मी एडिसनमध्ये तोच होतो, फक्त स्मोक अलार्मसकट.

रविवारी संध्याकाळी ग्रुपवर उत्तर टाकलं. दोन आकडे उलटे भरले गेले होते, बाकीच्यांच्या पट्ट्या जुळवलेल्या नाहीत, त्यामुळे भारत चांगला की वाईट हे या नकाशावरून सांगता येत नाही. म्युनिकचा म्हणाला, "म्हणजे आपण सहिष्णू आहोत असं तुझं म्हणणं?" नागपूरचा म्हणाला, "म्हणजे गोऱ्यांचं खरं आहे असं तुझं म्हणणं?" तोवर मॅच सुरू झाली होती. असो.

मग मी सोसायटीच्या सेक्रेटरींना मेल केला. सभेच्या इतिवृत्तात त्या ठरावापुढे 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं आहे ते बरोबर नाही, माझा विरोध होता, तो मी सभेत बोललो नाही ही माझी चूक, पण नोंद दुरुस्त करावी. दहा मिनिटांत त्यांचा फोन.

"अहो, एवढं काय त्यात? एका मताने ठराव थोडाच पडणार आहे?"

"नाही पडणार, काका. पण मी 'हो' म्हणालो असं लिहू नका."

"तुम्ही 'नाही' तरी कुठे म्हणालात?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी ते म्हणाले की असं मेलवर बदलता येत नाही, पुढच्या सभेत पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे हाच असतो, तेव्हा काय ते उभं राहून बोला. बरोबर आहे त्यांचं. सभा पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. ३०२ चं अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स त्याच्या पंधरा दिवसांनी संपतंय.

आईला सांगितलं. ती म्हणाली, मीही येते. तिला खुर्च्यांबद्दलही काही बोलायचं आहे.